स्तनाच्या कर्करोगात एकमेकींना काय सांगावं, काय सांगू नये

प्रश्न: माझे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार काही महिन्यांपूर्वी संपले. फोनवरच्या आमच्या मदतगटात नव्याने निदान झालेल्या बायका रोज काही ना काही विचारतात. मला सांगावंसं वाटतं, पण माझ्या सांगण्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर? गटात कुणी चुकीची माहिती टाकली तर काय करायचं? आणि ज्यांचा आजार पसरलेला आहे त्यांच्यासमोर मी बरी झाले हे बोलायचं तरी कसं?

उत्तर: मी कर्करोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम करते आहे आणि रुग्णांच्या मदतगटांचं कामही बघते. तुम्हाला वाटणारी धास्ती चांगली आहे, ती सोडू नका. गटात घोळ होतात ते बहुतेक वेळा फार खात्रीने बोलणाऱ्यांमुळे. तरीही गप्प बसू नका. निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत जे तुम्ही देऊ शकता ते आम्ही देऊ शकत नाही. केमोनंतर केस हातात आले तेव्हा काय वाटलं, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा आरशासमोर उभं राहायला किती दिवस लागले, हे मी कितीही वर्षं काम केलं तरी मला सांगता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अनुभव जरूर सांगा, पण तो कुठल्या प्रकारच्या आजाराचा, कुठल्या टप्प्यावरचा आणि कुठल्या सालातला हे त्याच दमात सांगा. ते सोडून सांगितलेला अनुभव ऐकणारीला आपलाच वाटतो आणि तिथून गडबड सुरू होते.

प्रकार म्हणजे काय, ते जरा खोलात सांगते, कारण गटातली निम्मी भांडणं यातूनच उगवतात. स्तनाचा कर्करोग हे नाव एक असलं तरी त्याखाली बरेच वेगवेगळे आजार आहेत. बायॉप्सीच्या अहवालात ईआर आणि पीआर हे हार्मोन रिसेप्टर, म्हणजे पेशींमधली हार्मोन पकडणारी प्रथिनं, तपासलेले असतात आणि हर-टू हे पेशींवरचं आणखी एक प्रथिन तपासलेलं असतं. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी त्या प्रथिनावर नेम धरणारी औषधं असतात. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि तिथे या गोळ्यांचा उपयोगच नसतो. त्यात गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, ग्रेड, वय, पाळी सुरू आहे की थांबली आहे, हे सगळं मिसळतं. म्हणून एकाच आठवड्यात निदान झालेल्या दोन शेजारणींचे उपचार वेगळे असले तर त्यात कुणाच्या डॉक्टरचं चुकलेलं नसतं.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. अडतीस वर्षांची एक बाई लिहिते, 'मला टॅमॉक्सिफेन सुरू केलंय.' लगेच साठीतली एक ताई उत्तर देते, 'मला लेट्रोझोल दिलंय, ते जास्त चांगलं आहे असं ऐकलंय, तूही मागून घे.' ताईचा हेतू सोन्यासारखा आहे. पण लेट्रोझोल ज्या पद्धतीने काम करतं ती पाळी थांबलेल्या शरीरासाठी आहे. पाळी सुरू असताना बीजांडकोश इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करतच राहतात आणि ते काम थांबवणारं दुसरं औषध किंवा उपाय सोबत नसेल तर एकट्या लेट्रोझोलचा उपयोग होत नाही. ताईने फक्त 'माझी पाळी थांबलेली आहे, म्हणून मला हे दिलं' एवढं जोडलं असतं तर वाचणारीला आपोआप कळलं असतं की आपली गोष्ट वेगळी आहे. आणि तिला खरंच शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही तयार झाला असता: माझ्या वयात टॅमॉक्सिफेन का, आणि बीजांडकोशांचं काम थांबवून दुसरी गोळी देण्याचा मला फायदा आहे का? चांगल्या अनुभवातून नव्या रुग्णाच्या हाती असा प्रश्न पडला पाहिजे.

सालाचं महत्त्वही तेवढंच. ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत पहिली मान्यता 1998 मध्ये मिळाली, तीही पसरलेल्या आजारासाठी. त्याआधी हर-टू पॉझिटिव्ह असणं ही फार वाईट बातमी मानली जायची. आजही कुणाच्या मावशीची तेव्हाची गोष्ट गटात सांगितली जाते आणि नुकतंच निदान झालेली मुलगी रात्रभर रडत बसते. उलट बाजूनेही असंच होतं. अहवालात हर-टूचं प्रमाण सांगणारा अंक 1 प्लस असला, किंवा 2 प्लस असून पुढची फिश तपासणी (हर-टूचं जनुक बघणारी) निगेटिव्ह आली, तर अनेक वर्षं सरळ 'निगेटिव्ह' म्हणून विषय संपायचा. 2022 मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधाचा पसरलेल्या आजारात अशा रुग्णांनाही फायदा होतो असं दिसलं आणि 'हर-टू लो' हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. म्हणजे 2019 मध्ये गटात दिलेलं अगदी बरोबर उत्तर आज अपुरं आहे. जुने संदेश पुढे पाठवताना हे ध्यानात ठेवा. तारीख नसलेली माहिती पुढे पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नुकसानीचं. तुमच्या सांगण्याने कुणाचं नुकसान होईल का, तर बहुतेक बोलण्याने होत नाही. कुठला स्कार्फ डोक्याला टोचत नाही, केमोच्या दिवशी सोबत काय न्यावं, शस्त्रक्रियेनंतर ड्रेनची नळी कपड्यांत कशी सांभाळावी, हे बिनधास्त सांगा. खरा धोका ठरावीक जागी असतो आणि तिथे मात्र कुणीही, अगदी दहा वर्षं गटात असलेल्या ताईनेही, अनुभवावरून उत्तर द्यायचं नाही.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे केमोच्या काळातला ताप. रात्री साडेदहाला संदेश येतो: 'दहावा दिवस आहे, अंग गरम लागतंय, थर्मामीटर 38.2 दाखवतोय, सकाळपर्यंत थांबू का?' खाली तीन उत्तरं. 'मलाही व्हायचा, पॅरासिटामॉल घे आणि झोप.' 'घाबरू नकोस.' 'काळजी घे गं.' तिन्ही प्रेमाने लिहिलेली आणि तिन्ही धोक्याची. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. संसर्गाशी लढायला शरीरात फौजच नसते, त्यामुळे पू, सूज, खोकला अशी नेहमीची लक्षणंही दिसत नाहीत. ताप हे एकच चिन्ह असतं आणि पॅरासिटामॉलने तेही झाकलं जातं. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच घटकेला रुग्णालयात फोन करायचा आणि ते सांगतील तसं निघायचं. तिथे शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात सुरू करतात, इतकी ती घाई असते. गटातलं योग्य उत्तर एका ओळीचं आहे: 'आत्ता रुग्णालयाच्या तातडीच्या नंबरवर फोन कर, केमो सुरू आहे आणि ताप 38.2 आहे असं सांग, आणि फोन झाला की इथे कळव.' शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. एकट्या बाईला फोन करायला धीर लागतो आणि कुणीतरी वाट बघतंय हे कळलं की ती तो करते.

अशाच आणखी काही जागा: अचानक धाप लागणं, टॅमॉक्सिफेन सुरू असताना एकाच पायाला सूज आणि दुखणं, पाठदुखीसोबत पायांत बधिरपणा किंवा कमजोरी. इथेही 'मला झालं होतं' म्हणत बसायची वेळ नसते.

दुसरी जागा म्हणजे औषध बंद करणं. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी सांधे दुखतात, सकाळी हात आखडतात, हे अगदी खरं आहे आणि फार बायकांना होतं. एखादी लिहिते, 'मी सोडली, आता कशी मोकळी वाटतेय.' तिचा निर्णय तिचा आहे, त्यावर तिला बोल लावायचा नाही. पण ते वाक्य वाचणाऱ्या पंधराजणी त्याच रात्री गोळीकडे बघत असतात. या गोळ्या आजार परत येण्याची शक्यता कमी करतात आणि मनाने बंद केल्या तर तो फायदा हातचा जातो. अशा वेळी मी त्या बाईला विनंती करते की एवढं अजून लिही: तुझा धोका किती होता, डॉक्टरांशी बोललीस का, गोळी बदलून बघितलीस का. त्रासावर उपाय असतात. त्याच कुटुंबातली दुसरी गोळी काहींना सोसते, नियमित व्यायामाने दुखणं कमी होतं, दुखण्यावर औषधंही आहेत. हे कळलं की बऱ्याच बायका गोळी सोडण्याऐवजी डॉक्टरांची वेळ घेतात. टॅमॉक्सिफेनबद्दल एक बारीक गोष्ट: नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, शरीरात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर होण्यात अडथळा आणतात. त्यामुळे 'मला ही झोपेची, मूडची गोळी लागू पडली' असं नाव घेऊन सुचवू नका. वनस्पतीजन्य गोळ्यांनाही हेच लागू.

आता चुकीच्या माहितीबद्दल. 2018-19 मध्ये समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरलेले कर्करोगाचे 200 लेख तज्ज्ञांनी तपासले होते. स्तन, प्रोस्टेट, मोठं आतडं आणि फुप्फुस अशा चार कर्करोगांवरचे. त्यातल्या 32.5 टक्क्यांत चुकीची माहिती होती आणि 30.5 टक्के लेख नुकसान करू शकतील असे होते. म्हणजे असे लेख तुमच्या गटात येणारच. प्रश्न असा आहे की ते पाठवणारीला तोंडघशी न पाडता कसं थांबवायचं.

मी करते ते असं. दाव्याला गटात उत्तर देते, माणसाशी खासगीत बोलते. समजा कुणी लिहिलं की सुईने बायॉप्सी केली की कर्करोग पसरतो. गटात मी लिहीन: 'ही भीती बऱ्याचजणींना असते. सुईच्या तपासणीमुळे आजार शरीरभर पसरत नाही, आणि ती केल्याशिवाय आजाराचा प्रकार कळत नाही, म्हणजे नेमका उपचारही ठरत नाही. कुणाची बायॉप्सी याच भीतीने अडली असेल तर मला लिहा.' यात पाठवणारीचं नाव कुठेच नाही. मग तिला वेगळं लिहीन, 'ताई, तुम्ही हे काळजीपोटी टाकलंत हे मला माहीत आहे,' आणि विचारीन की हे तिच्यापर्यंत कुठून आलं. बरेचदा त्यामागे एखादी जुनी घटना असते, घरातल्या कुणाचा तरी मृत्यू असतो. ती ऐकून घेतल्याशिवाय कितीही पुरावे दिले तरी पोहोचत नाहीत.

चमत्कारी उपचारांच्या बाबतीत मात्र माझा सूर एवढा मऊ नसतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दूरवर न पसरलेला आणि म्हणून बरा होण्याजोगा कर्करोग असताना शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि हार्मोन उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. हा आकडा मी गटात स्पष्ट सांगते. त्याच वेळी हेही सांगते की व्यायाम, ध्यान, श्वसन यांनी थकवा आणि चिंता कमी व्हायला मदत होते. ते उपचारांसोबत करायचं असतं, त्यांच्याऐवजी करायचं नसतं. आणि कुणी नव्या सदस्याला खासगी संदेश पाठवून काही विकत असेल तर दुसरी संधी द्यायची नाही. गटाच्या संयोजकांना त्याच दिवशी सांगा.

बोलण्याच्या पद्धतीकडे वळते. कुणी काही लिहिलं की आधी बघा, तिला माहिती हवी आहे की सोबत. 'उद्या केस काढणार आहे' हा प्रश्न नाही. त्याला विगचे प्रकार सांगणं हे उत्तर नाही. कळत नसेल तर सरळ विचारा: 'तुला काही सुचवू, की नुसतं ऐकू?' नव्या बाईला पहिल्याच संदेशात 'कितवी स्टेज?' विचारू नका. तिला सांगायचं तेव्हा ती सांगेल. 'कशामुळे झालं असेल?' हा प्रश्न तर कुणालाच विचारू नका. बहुतेकींच्या आजारामागे बोट ठेवता येईल असं एक कारण नसतं आणि ती आधीच स्वतःला दोष देत असते.

दुःखाची तुलना फार होते. शून्य टप्प्याचा, नलिकेबाहेर न गेलेला आजार असलेल्या बायका गटात बोलतच नाहीत, कारण कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, 'तुला तर केमोसुद्धा नाही, नशीबवान आहेस.' त्या बाईचा कदाचित अख्खा स्तन काढलेला असतो. आणि पुरुषांनाही हा आजार होतो, एकूण रुग्णांत साधारण अर्धा ते एक टक्का. गटात एखादा पुरुष असेल तर प्रत्येक संदेश 'सख्यांनो' म्हणून सुरू करताना त्याची आठवण ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. तुम्ही उत्तर एकीला देता, पण वाचतात सगळ्या, आणि त्यात आजार हाडांत किंवा यकृतात पसरलेल्या बायकाही असतात. बरं झाल्याचा आनंद जरूर सांगा, नव्या रुग्णांना तो हवाच असतो. फक्त त्याचं कारण स्वतःच्या जिद्दीला देऊ नका. 'मी हरले नाही, सकारात्मक राहिले, म्हणून जिंकले' हे वाक्य चौथ्या टप्प्यातल्या बाईला सांगतं की तू कुठेतरी कमी पडलीस. ते खरंही नाही. 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या आजाराच्या 86 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आधारगटातल्या बायका सरासरी 36.6 महिने जगल्या, बाकीच्या 18.9. त्यावरून मनाने कर्करोगावर मात करता येते अशी समजूत जगभर गेली. पुढे कॅनडात पॅमेला गुडविन यांच्या नेतृत्वाखाली 235 बायकांवर तोच प्रकार जास्त काटेकोरपणे तपासला गेला. 2001 मध्ये निष्कर्ष आले: आयुष्य वाढलं नाही. पण गटात गेलेल्या बायकांचं मन जास्त सावरलेलं होतं, वेदनाही कमी जाणवत होत्या, आणि सुरुवातीला ज्या जास्त खचलेल्या होत्या त्यांना फायदा जास्त झाला. मला हा दुसरा अभ्यास फार मोलाचा वाटतो. रडणाऱ्या, चिडणाऱ्या, आज काहीच चांगलं वाटत नाही म्हणणाऱ्या बाईचं आयुष्य त्यामुळे कमी होत नाही, एवढं ओझं तरी तिच्या डोक्यावरून उतरतं. तिला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नका. 'आज वाईट दिवस आहे ना, लिही,' एवढं म्हणा. आणि शक्य असेल तर पसरलेल्या आजाराच्या रुग्णांसाठी वेगळा छोटा गट हवाच. तिथले प्रश्न वेगळे असतात. उपचार किती काळ चालणार, मुलांना काय सांगायचं, उपचार थांबवायचे केव्हा.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. अहवालाचा फोटो टाकताना त्यावर नाव, नोंदणी क्रमांक, बारकोड, डॉक्टरांचं नाव असतं. ते सगळं झाका, किंवा सरळ दोन ओळी टाइप करा. दुसरीचा अहवाल वाचून अर्थ सांगायला जाऊ नका, विचारला तरी. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढून द्या. शस्त्रक्रियेनंतरचे फोटो फार उपयोगी असतात, पण जिला बघायचे आहेत तिलाच वेगळे पाठवा. बीआरसीएसारख्या जनुकांच्या तपासणीचा निकाल तर एकटीचा नसतोच. तुम्ही तो नावानिशी लिहिला की तुमच्या बहिणीची, मुलीची गोष्टही उघड होते आणि त्यांना अजून ते माहीत नसू शकतं. आधी त्यांच्याशी बोला. गटातला संदेश घरच्यांना दाखवणंसुद्धा, तो लिहिणारी त्यांच्या ओळखीतली असेल तर, बाहेर सांगणंच आहे.

गटातली कुणी गेली तर घरच्यांच्या परवानगीनंतरच कळवा, आणि एकाच व्यक्तीने कळवा. 'नेमकं काय झालं, कुठली औषधं चालू होती' असे प्रश्न त्या धाग्याखाली येतात. घाबरलेल्या बायका ते स्वतःसाठी विचारत असतात. त्यांना वेगळं उत्तर द्या.

1952 मध्ये अमेरिकेत टेरेस लॅसर या बाईंनी स्तन काढलेल्या बायकांना रुग्णालयात जाऊन भेटायला सुरुवात केली. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हा कार्यक्रम उभा राहिला आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्याकडे घेतला. त्यातल्या स्वयंसेविका स्वतः त्यातून गेलेल्या असतात, पण वैद्यकीय सल्ला देत नाहीत. मदत करायची म्हणजे उपचार सुचवायचे असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे आवर्जून सांगते. सल्ला न देताही तिथे करण्यासारखं पुष्कळ निघालं.

आणि तुमच्याबद्दल. उपचार नुकतेच संपलेत. दर तपासणीच्या आधी तुमचीही झोप उडणार, त्या दिवसांत गटातली प्रत्येक वाईट बातमी अंगावर येणार. तेव्हा गट काही दिवस बंद ठेवा किंवा सोडा, त्यात स्वार्थ नाही. फक्त जाताना एक ओळ लिहून जा की तब्येत ठीक आहे, थोडा आराम घेते आहे. या गटात कुणी न सांगता गप्प झालं की बाकीच्यांच्या मनात पहिला विचार कोणता येतो ते तुम्हाला माहीत आहे.